तोयानबाबांचं नाव

“पण तुम्ही तिला नाही म्हणाल ना?”

कैरवनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

तोयानबाबा मधपेटीपुढे उकिडवे बसले होते. पेटीच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या होत्या. त्यातली एक कोरडी पडली होती आणि मुंग्यांनी नेमकी तिथून वाट काढली होती. बाबा कोंबडीच्या पिसानं एकेक मुंगी खाली ढकलत होते. घाई कसलीच नव्हती.

“बाबा, ती निघालीसुद्धा असेल. बाळाला घेऊन चढ चढत असेल.”

“वाटीत पाणी घाल,” बाबा म्हणाले.

कैरवनं पाणी घातलं. हायस्कूलात तो संस्कृत शिकवायचा. वर्गात त्याचा असा दरारा होता की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडून बसत. पण इथं आला की वाटीत पाणी घाल म्हटल्यावर तो मुकाट्यानं पाणी घालायचा.

हे बाबा म्हणजे भगव्या कफनीतले बाबा नव्हेत. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, पायात टायरच्या चपला. डोळे मात्र निळे. मूळ नाव स्तोयान, देश स्लोव्हेनिया. तो देश नक्की कुठं आहे हे करंजखोलच्या लोकांना आजही सांगता येत नाही. कुणी विचारलंच तर ते समोरच्या डोंगराकडे हात करून “त्याच्या बरंच पलीकडं” असं सांगतात.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी लाकडी पेटीत मधमाश्या कशा पाळायच्या ते शिकवायला चार जण आले होते. काम दोन वर्षांचं होतं. दोन वर्षं संपली, तिघं गेले, हे राहिले. का राहिले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि गावानंही खोदून विचारलं नाही. स्तोयान हे नाव लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून तोयान झालं. केस पिकल्यावर त्याला बाबा जोडलं गेलं.

लोक त्यांच्याकडे आधी मधासाठी येत. मग भांडणं घेऊन यायला लागले. मग नुसतेच येऊन बसायला लागले. बाबा उपदेश करत नसत. एकदा एक गृहस्थ शहरातून गाडी करून आले आणि मला तुमचा शिष्य करून घ्या म्हणून हटून बसले. बाबांनी त्यांना चाळीस पेट्यांच्या एकशे साठ वाट्या धुवायला लावल्या. गृहस्थ दुसऱ्या दिवशी काही दिसले नाहीत.

कैरव मात्र टिकला होता. बाबांकडे माश्यांचं काम शिकलेला आणि वीस वर्षं येत राहिलेला असा तो एकटाच. आणि पंचक्रोशीत ‘स्तोयान’ हा उच्चार जोडाक्षरासकट शुद्ध करणाराही तो एकटाच. याचा त्याला अभिमान होता.

त्याला बऱ्याच गोष्टींचा अभिमान होता. त्यातली एक म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. कैरव म्हणजे पांढरं कमळ, चांदण्यात उमलणारं. ही माहिती तो न विचारताही देत असे.

आता हे नाव त्यानं गॅझेटात जाहिरात देऊन घेतलेलं होतं, हे तो सांगत नसे. जन्माचं नाव केरबा.

त्याची आई ठकूबाई. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा हा झाला, तेव्हा तिनं जुन्या रीतीप्रमाणे तिठ्यावरचा केर झाडून त्याचा ढीग केला, ढिगावर सूप ठेवलं आणि सुपात बाळ ठेवून पाठ फिरवली. वाटेनं येणाऱ्या परक्या माणसानं ते उचलायचं आणि नाव ठेवायचं. मग आईनं पसाभर कोंडा देऊन आपलंच मूल विकत घ्यायचं. लेकरं नेणारी जी कुणी असेल, तिनं वरून बघावं आणि म्हणावं, हे तर केरातलं दिसतंय, याला नेऊन काय करायचंय… आणि पुढं जावं.

ती पुढं गेली. केरबा वाचला, शिकला, मास्तर झाला आणि पहिल्या पगाराच्या वर्षी त्यानं ते नाव अंगावरून झटकून टाकलं. ठकूबाई हाक मात्र केरबाच मारत राहिली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण कैरवची स्वतःचीही दोन मुलं गेली.

पहिल्याचं नाव त्यानं जन्माआधीच ठरवलं होतं. चार महिने ग्रंथ चाळून शोधलेलं नाव. ते बाळ नऊ दिवस होतं. दुसरी मुलगी. तिचं नाव त्यानं पाळण्यावर रंगवून घेतलं होतं, वेलबुट्टी काढून. तो पाळणा आजही माळ्यावर पालथा पडलेला आहे. ती दोन नावं घरात पुन्हा कुणी उच्चारली नाहीत.

आता तिसरा. महिनाभर आधीच जन्मला. अठरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. घरी आणून तीन आठवडे झाले होते. बारसं झालेलं नव्हतं. बायको वैजयंता नावाचं विचारायची, कैरव बघू म्हणायचा.

शेवटी ठकूबाईनंच ठरवलं. आज सकाळी बाबांच्या फाटकापुढच्या तिठ्यावर सूप ठेवायचं, आणि बाळ उचलायचं ते बाबांनी. तिचा हिशेब सरळ होता. तोयानबाबांइतका परका माणूस या मुलखात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका चिवटही दुसरा नाही.

रात्री जेवताना हे कळल्यावर कैरव ताटावरून उठला. आईला म्हणाला, “माझ्या मुलाला मी केरात टाकू देणार नाही. मला टाकलंस तेवढं पुरे झालं.”

ठकूबाई नाचणी पाखडत होती. ती पाखडतच राहिली. आणि उजाडताच हा तिच्या आधी डोंगर चढून बाबांसमोर येऊन उभा राहिला होता.

आता बाबांचं एकच काम होतं. नाही म्हणायचं.

“तुम्ही शिकलेले आहात,” कैरव म्हणाला. “तुम्हाला हे पटतं?”

बाबांनी पिसावरची मुंगी फुंकरीनं उडवली.

“मी काय शिकलेला न्हाय,” ते म्हणाले. “माश्या पाळतो.”

बाबांचं मराठी गावात ऐकून ऐकून शिकलेलं. त्यामुळे गंमत अशी की, आल्प्सच्या पायथ्याचा माणूस अस्सल करंजखोलचं बोलायचा आणि करंजखोलचा केरबा छापील पुस्तकासारखं.

कैरवनं मग आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. त्याला बाबांच्याच नावाचा आधार सापडला होता. तो म्हणाला, नावाला अर्थ असावा, घडण असावी, कुळ असावं. तुमचंच नाव घ्या. स्तोयान. मूळ आपला ‘स्था’ धातू, तिष्ठति मधला. तोच धातू तुमच्याकडे जाऊन उभं राहणं, टिकणं या अर्थानं वापरात आला. ज्या घरात मुलं जगत नसत, त्या घरात हे नाव ठेवत. बाळा, तू तरी राहा, टिक, असा त्याचा अर्थ. किती सुंदर आहे. आशीर्वादच आहे तो. आणि आमच्याकडे काय, तर केर…

हे बोलताना त्याचा आवाज वर्गात लागतो तसा लागला होता. बाबांनी मन लावून ऐकलं. शिष्यानं आपल्याच गुरूला त्याच्या नावाचा अर्थ समजावून सांगावा, याची त्यांना गंमत वाटत होती असं दिसलं.

“बरं हाय,” ते म्हणाले. “आन् हे कुणी कुणाला म्हणलं?”

“काय?”

“राहा, टिक. हे कुणी कुणाला म्हणलं?”

“आईनं मुलाला. उघड आहे.”

“हं…” बाबा म्हणाले.

माश्यांची ये-जा चालू होती. मार्गशीर्षाचं ऊन अजून कोवळं होतं. खाली वळणावर कुणी दिसतंय का ते कैरवनं पाहिलं. कुणी नव्हतं.

मग बाबांनी सांगायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस वर्षांत गावाला न सांगितलेली गोष्ट, आणि सांगत होते अशा सुरात की जणू पेटीतल्या पोळ्याबद्दल बोलतायत.

त्यांच्याआधी तीन भावंडं गेली होती. आंतोन, मारिया आणि योझे. तिन्ही नावं संतांची. चौथे हे. मग त्यांच्या आजीनं त्यांच्या खोऱ्यातली रीत काढली. पहाटे बाळाला दुपट्यात गुंडाळून वाडीबाहेर दोन वाटा मिळतात तिथं ठेवायचं. पहिला जो कुणी येईल तो उचलेल, नाव देईल, आणि जन्मभर त्या मुलाचा मानलेला बाप होईल. तोवर घरातल्यांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही.

“म्हणजे आमच्यासारखंच,” कैरव म्हणाला. त्याचा चेहरा जरा उतरला.

“केर न्हवता. बर्फ व्हता. बाकी तेच.”

शेजारच्या दोघांनी लांबूनच दुपटं पाहिलं, आणि काय प्रकार आहे ते ओळखून शेतातून लांबचा रस्ता धरला. तीन गेलेल्या घरातलं चौथं. हात लावायचा आणि तेही गेलं म्हणजे? लोक काही वाईट नव्हते, पण प्रत्येकाला आपला जीव आणि आपलं नशीब सांभाळायचं होतं.

मग आला एक फेरीवाला. पाठीवर लाकडी चमचे, चाळण्या, उलथणी, अंगापेक्षा मोठा बोजा. तो लांबच्या मुलखातला, त्याला ही रीत ठाऊकच नव्हती. त्याला वाटलं, कुणीतरी बाळ टाकून गेलं. त्यानं बोजा उतरवला, बाळ उचललं, कोटाच्या आत घेतलं आणि हाका मारल्या. कुणी बाहेर येईना. येणार कसं? त्यानं नाव दिल्याशिवाय घरच्यांनी यायचं नव्हतं. आणि नाव ठेवायचं असतं हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

घर वाडीच्या टोकालाच होतं. खिडकीच्या आड आई त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती. वाटेवर तो घराच्या दाराकडे बघत थांबला होता. दोघंही हटेनात. ऊन वर आलं. त्याच्या पायाखालच्या बर्फाचा चिखल झाला. त्या दिवशी खालच्या गावात बाजार होता, त्याची वर्षातली मोठी विक्री तिथंच व्हायची. बाजार भरला आणि उठायलाही लागला. बाळ खाली ठेवून तो जाऊ शकला असता.

“पण खाली ठेवायला जागा न्हवती कोरडी,” बाबा म्हणाले. “आसं तो म्हणायचा पुढं. मला भेटायला यायचा वर्षातून एकदा. चमचा आणायचा.”

“मग?”

“मग दुपारची घंटा झाली देवळाची. आज्जीला ऱ्हावंना. तिनं खिडकी उघडली आन् वराडली, नाव सांग की रं मेल्या. तो म्हणला, मला काय ठाव ह्याचं नाव, मी नुसता हुबा ऱ्हायलोय…”

बाबा हसले. दात थोडेच उरले होते.

“झालं. आज्जीनं आत वळून सांगितलं, स्तोयान.”

कैरवची सगळी मांडणी कोसळली होती, आणि मांडणी कोसळलेली त्याला आवडत नसे.

“मग तो आशीर्वाद नव्हताच,” तो म्हणाला. “ते तर फेरीवाल्याचं वर्णन झालं. उभा राहिला तो. तुम्ही नाही.”

“तेच की,” बाबा म्हणाले. “नाव त्याचं हाय. मी नुसतं वागवतोय.”

बाबा उठले. त्यांनी शेजारच्या पेटीमागे जाऊन दोन बोटांनी ती जराशी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. आत मध किती आहे हे ते असं उचलूनच ओळखायचे. झाकण उघडून माश्यांना त्रास द्यायचा नाही, हाताला विचारायचं. कैरवलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

“पोरगं किती भरलं?” त्यांनी सहज विचारलं.

“दोन किलो सातशे. परवाच वजन केलं दवाखान्यात.”

“काट्याचं न्हाय इचारत. तुझ्या हाताला किती लागतं?”

कैरवनं भरलेल्या वाटीत पुन्हा पाणी घातलं.

बाबा वाट बघत होते. ते वाट बघायला लागले की समोरच्याला सुटका नसे.

“मी… घेतलेलं नाही अजून,” कैरव म्हणाला.

सांगून टाकल्यावर त्याला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. रागावतील निदान. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून त्यालाच पुढं बोलावं लागलं. दवाखान्यात काच होती, तेव्हा बरं होतं. घरी आल्यावर तो रोज शाळेच्या वह्या घेऊन पडवीत बसायचा. वैजयंता बाळ पुढं करायची तेव्हा त्याचे हात खडूचे असायचे, नाहीतर बाहेर कुणी बोलावलेलं असायचं. पहिल्याला त्यानं नऊही दिवस छातीवर घेऊन झोपवलं होतं. दहाव्या दिवसापासून त्याच्या छातीला तिथं काहीतरी कमी असल्यासारखं वाटत आलेलं आहे, ते आजवर. मुलीच्या वेळी पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा नाही. याचं नाव तो शोधत नव्हता. शोधतोय असं दाखवत होता. एकदा नाव ठेवलं की हाक मारावी लागते, आणि हाक मारायची सवय लागते.

हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, स्वतःलाही इतक्या सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

“हं,” बाबा म्हणाले.

एवढंच. आणि पीस उचलून पुन्हा पेटीपाशी बसले.

तेवढ्यात वळणावर माणसं दिसली. कैरव फाटकापाशी गेला. पुढं ठकूबाई, डोक्यावर सूप पालथं घातलेलं, हातात नवा कोरा झाडू. मागं वैजयंता, बाळ पदराखाली. चढानं दोघींना धाप लागली होती. ठकूबाईनं मुलाला फाटकात उभं पाहिलं, पण पाहिलं न पाहिलंसं केलं. बाबांना मात्र तिनं वाकून नमस्कार केला.

“बाबा, तुमालाच उचलायचंय बगा,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं ऱ्हाईल.”

कैरवनं बाबांकडे पाहिलं. आता ते नाही म्हणतील. बाबा काहीच म्हणाले नाहीत. ना हो, ना नाही.

ठकूबाईनं तिठा झाडला. वाळकी पानं, माती, काटक्या, सगळ्याचा ढीग केला. त्यावर सूप ठेवलं, सुपात घडी घालून जुनं लुगडं अंथरलं. मग वैजयंताच्या हातून बाळ घेतलं आणि सुपात ठेवलं. ठेवताना तिचे हात इतके थरथरत होते की कैरवला पुढं व्हावंसं वाटलं, पण तो फाटकापाशीच राहिला. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी हेच हात असेच थरथरले असतील, हे त्याच्या आज पहिल्यांदा मनात आलं. आजवर त्याला फक्त केर दिसला होता.

दोघी हिरड्याच्या झाडाखाली गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. ठकूबाईनं कनवटीचा कोंडा काढून मुठीत घेतला.

बाबा उठले.

ते सुपाकडे जातील असं कैरवला वाटलं. ते गेले उलट्या दिशेला. मघाच्या पेटीचं दार त्यांनी गवताच्या बोळ्यानं बंद केलं, वाकले, आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून उभे राहिले.

कैरव बघतच राहिला. पेटी दिवसा हलवायची नाही, हा बाबांनी त्याला शिकवलेला पहिला धडा होता. माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. त्या परत येतात तेव्हा घर जागेवर लागतं. हा नियम बाबांनी वादळातसुद्धा मोडला नव्हता.

“बाबा, हे काय करताय?”

बाबा उभेच.

सुपात बाळ कुरकुरलं. मग रडायला लागलं. आवाज बारीक, पण तिठ्यावर दुसरा आवाज नसल्यामुळे तो सगळीकडे भरून राहिला. हिरड्याखाली वैजयंताची पाठ हलली. ठकूबाईनं तिचा दंड धरून ठेवला. बघायचं नव्हतं. रीत मोडली तर काय होईल, हे ठकूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

“बाबा… उचला ना,” कैरव म्हणाला. सकाळपासून जो माणूस नाही म्हणा म्हणून मागे लागला होता, तोच आता हे म्हणत होता, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“हात गुतल्यात माझं,” बाबा म्हणाले.

“मग पेटी ठेवा खाली.”

“ठेवायची व्हती, तर उचलली कशाला आसती?”

ऊन हिरड्याच्या फांदीतून सरकलं आणि थेट बाळाच्या तोंडावर पडलं. रडणं वाढलं. चरायला गेलेल्या माश्या परतू लागल्या होत्या. पेटीच्या रिकाम्या जागेवर त्या घिरट्या घालत होत्या, वर जात होत्या, खाली येत होत्या, आणि घर सापडत नाही म्हणून लांब लांब चक्कर मारत होत्या. त्यातली एक सुपाच्या काठावर येऊन बसली. काठावरून ती लुगड्यावर उतरली. लुगड्यावरून बाळाच्या मुठीकडे निघाली.

कैरव धावला.

माशीला कसं दूर करायचं हे त्याला बाबांनी शिकवलं होतं. झटकायचं नाही, बोट आडवं धरायचं, ती आपण होऊन चढते. त्यानं बोट धरलं. ती चढली आणि उडाली. काम संपलं होतं. आता तो मागं फिरू शकला असता.

बाळानं तोंड मोठं करून श्वास घेतला आणि पुढचं रडणं काही क्षण बाहेरच पडेना. चेहरा तांबडालाल झाला. पुढं काय झालं ते त्याला नीट आठवत नाही. एवढंच कळलं की आपण केराच्या ढिगावर गुडघे टेकलेत आणि बाळ आपल्या हातांत आहे. मानेखाली हात त्याच्या नकळतच गेला होता.

रडणं थोडं चाललं, मग हुंदक्यांवर आलं, मग थांबलं.

तो उठून उभा राहिला. बाळ गरम होतं. त्याच्या टाळूवर काहीतरी धडधडत होतं, बारीक आणि भराभर, आणि ते बघवत नव्हतं, आणि नजरही काढवत नव्हती. बाळाच्या बोटांत त्याच्या सदऱ्याचं टोक सापडलं. ते त्यानं घट्ट धरलं. कैरव रडत होता. या वेळी त्याला लाज वाटली नाही. हेही कदाचित जाईल, हे त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनसुद्धा तो तसाच उभा राहिला.

रडणं का थांबलं म्हणून आधी वैजयंता वळली. तिनं तोंडावर हात धरला.

मग ठकूबाई वळली. मुठीत कोंडा होता. ती हसतच वळली होती. समोर पाहिलं आणि हसू मावळलं. तिनं सगळं नीट केलं होतं, झाडू नवा, केर तिठ्यावरचा, सूप घरचं, आणि अगदी शेवटी घोटाळा झाला होता. तिचा नातू आता कशाच्या आधारावर राहणार होता?

“आरं केरबा,” ती म्हणाली. “तू न्हाय रं उचलायचं… परक्यानं उचलायचं आसतंय.”

कैरवनं बाळ खाली ठेवलं नाही.

बाबांनी पेटी अलगद जागेवर ठेवली. चारी पाय चारी वाट्यांत बसलेत का पाहिलं. दारातला गवताचा बोळा काढला. घिरट्या घालणाऱ्या माश्या एकामागून एक आत शिरू लागल्या. त्या शिरेपर्यंत ते थांबले. मग हात झटकत तिठ्यावर आले, आणि ठकूबाईच्या मुठीतला कोंडा घेऊन त्यांनी तो कैरवच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

“परक्यानंच उचललंय की, ठकूबाई.”